एका दिवसाचा धोटा

१३ फेब्रुवारी २०००, रविवार. पोटमाळा साफ करायला काढला. पितळेचे डबे खाली उतरवून चिंचेच्या कोळात बुडवले आणि शिडीवर चढून ओल्या फडक्याने फळ्या पुसू लागले. डाव्या कोपऱ्यात धुळीमध्ये एक स्वच्छ जागा होती. होडीच्या आकाराची, दीड वीत लांब, दोन्ही टोकांना निमुळती. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत तिथे बाबांचा धोटा होता. मीच तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. काल संध्याकाळी तो काचेखाली पाहिला आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून डबे काढलेत. राग आला की मी भांडी घासते. राग जात नाही, पण भांडी तरी निघतात.

ज्यांनी धोटा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. लाकडाची छोटी होडी समजा, दोन्ही टोकांना लोखंडी चोच. पोटात सुताची कांडी बसते. एका बाजूला, टोकाजवळ, एक बारीक भोक. कांडी संपली की साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, माणूस नवी बसवतो, सुताचं टोक आतून भोकाशी धरतो, बाहेरून ओठ टेकतो आणि श्वास आत ओढतो. सूत भोकातून थेट तोंडात येतं. ते बाहेर काढायचं, धोटा साच्यात टाकायचा, साचा सुरू करायचा. पाळीभर हेच. पाळी बदलली की दुसरा माणूस येतो आणि तोच धोटा त्याच्या तोंडाला लागतो. एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात. सगळी गोष्ट या थुंकीची आहे.

धोटा न्यायला आलेल्या मुलीचं नाव मृण्मयी. चित्रं काढत नाही, पण कलाकार आहे. आमच्या करी रोडच्या चाळीत दारोदार फिरून जुन्या वस्तू मागत होती. बंद पडलेल्या गिरणीच्या एका शेडमध्ये तिचं प्रदर्शन होणार होतं. मला म्हणाली, "काकू, मला कागद नकोत. शरीराला काय आठवतं ते हवंय. शरीर हेच जिवंत दफ्तर असतं." मला ते पटलं. मी क्षयाच्या वॉर्डात तीस वर्षं सिस्टर आहे, शरीर काय काय लक्षात ठेवतं ते रोज बघते. पोटमाळ्यावरून धोटा काढून दिला. "कुणाचा?" तिने विचारलं. "बाबांचा," मी म्हटलं. एवढंच. रुग्णाचा नमुना जर असा कोणी माझ्याकडे आणून दिला असता, नाव नाही, तारीख नाही, तर मी चार शब्द सुनावून परत पाठवला असता.

शेडमध्ये काल भिंती पांढऱ्या केलेल्या होत्या. साच्यांचा आवाज कर्ण्यातून येत होता, इतका हळू की पाहुण्यांना गप्पा मारता याव्यात. खऱ्या साचेखात्यात माणसं एकमेकांचे ओठ वाचून बोलायची. एका टीव्हीवर कुणा म्हाताऱ्याचा गाल आत जात होता, बाहेर येत होता, सावकाश. टेबलावर नवे कोरे धोटे मांडलेले, शेजारी वाटीत स्पिरिटचे बोळे. पाहुण्यांनी पुसून घ्यायचं, तोंडाला लावायचं आणि सूत ओढून बघायचं. एका बाईंना ते जमलं, तर बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मधोमध काचेच्या पेटीत, मखमलीवर, वरून दिवा सोडलेला, बाबांचा धोटा. शेजारच्या पाटीवर लिहिलेलं: "हजारो कामगारांनी या धोट्याला ओठ लावले. इथे जात नव्हती, धर्म नव्हता. होता तो एकच श्वास."

मी ते दोनदा वाचलं.

बाबा साचेखात्यात नव्हते. ते त्रासनखात्यात होते, म्हणजे जिथे सूत काढतात तिथे. आमच्या चाळीतले सगळे पुरुष तिथेच. कारण कुणी विचारत नसे. पाऊस वरून पडतो तसं ते होतं. त्रासनातून आलेल्या माणसाच्या भुवयांवर कापसाची पिंजर बसलेली असायची, पांढरी, बाबा दारात उभे राहिले की पन्नास वर्षांनी म्हातारे दिसायचे आणि तोंड धुतलं की पुन्हा चौतिशीचे. आई त्यांचा सदरा गॅलरीत झटकायची, तेव्हा ती पिंजर उडून खालच्या तुळशीवर बसायची आणि खालची बाई वर बघून शिव्या द्यायची. साचेवाल्यांना मात्र वेगळा वास यायचा. खळीचा आणि तेलाचा. पगार झाला की ते लालबागच्या बाजारात जसे चालायचे, तसं आमच्या चाळीतलं कुणी चालत नसे. बाबा त्यांच्याकडे बघायचे. मी नऊ वर्षांची होते, मला ते बघणं कळायचं. दुकानाच्या काचेतल्या रिबिनीकडे मी तशीच बघत असे.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. सकाळी डफ वाजला की कुणाचंही दार बंद राहायचं नाही. आईचा काळा परकर फाटून चार निशाणं झाली. तिने त्याचा हिशेब पुढे कित्येक वर्षं बाबांना ऐकवला. मोर्चाला जाणाऱ्यांच्या खिशात अर्धा कांदा आणि ओला रुमाल ठेवायचा, अश्रुधुरासाठी. कांदे कापायचं काम माझं. माझ्या बोटांना त्या वर्षात सारखा कांद्याचा वास होता, शाळेत बाई म्हणायच्या, "तुझ्या घरी खानावळ आहे का गं?"

त्या प्रभातफेऱ्यांमध्ये बाबांना धाकूकाका भेटला. साचेवाला. आमच्याच तालुक्यातला निघाला, नदीच्या पलीकडच्या गावचा, कुणबी. नदी एकच, पण पाणवठे दोन. इथे मुंबईत मात्र दोघं खांद्याला खांदा लावून ओरडायचे. धाकूकाका म्हणायचा, "गंग्या, तुझा आवाज म्हंजे गिरणीचा भोंगा हाय. तू घोषणा दिलीस की लोकं मोर्चा सोडून डबे घेऊन कामावर पळतात." बाबा म्हणायचे, "आणि तुझा ऐकला की पाळी सुटली समजून घरी जातात." रोज तेच विनोद, रोज तितकंच हसणं. धाकूकाका आमच्याकडे चहा प्यायचा. गॅलरीत उभ्याउभ्या, पण आमच्या कपातून प्यायचा. हे त्याच्या बाजूने लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढे मी त्याच्याविषयी बरं लिहिणार नाही.

एका मोर्चात परळला उन्हाने लोक कासावीस झाले. एका चाळीतल्या बायका कळशी घेऊन रस्त्यावर उतरल्या. एकच पेला होता. जो येईल त्याला तोच पेला. धाकूकाका प्यायला, त्याने पेला बाबांना दिला, बाबांनी तोंड लावून पाणी प्यायलं, पेला पुढच्या माणसाकडे गेला आणि तोही प्यायला. कुणी विसळला नाही. त्या संध्याकाळी बाबांनी हे आईला निदान दहा वेळा सांगितलं. पेला कसा होता, पितळेचा, काठाला पोचा आलेला. पुढच्या माणसाच्या मिशा कशा होत्या. आई भाकरी थापत होती. शेवटी म्हणाली, "पाणी पिलास ना? मग झालं. भाकरी खा आता."

आईला जे कळलं ते या दोन बाप्यांना कळलं नाही. त्यांना वाटलं, रस्त्यावर झालं ते खात्यातही होईल. मोर्चा आणि साचेखातं ही एकच जागा आहे असं समजले. एवढीच त्यांची चूक.

धाकूकाकाने एक तडा गेलेला धोटा आणून दिला आणि बाबा शिकू लागले. जेवणं झाली की खिडकीशी बसायचे. मी कांडी धरून समोर. धाकूकाका कठड्याला टेकून शिकवायचा, "पोटातून नको रं, गालातून वढ. माशी गिळल्यावानी." बाबांच्या घशात सूत जायचं, खोकत सुटायचे, धाकूकाका हसून लोळायचा. पंधरा दिवसांत बाबांना एका श्वासात सूत येऊ लागलं. चुक्‌ असा बारीक आवाज व्हायचा. पालीसारखा. मग बाबांनी मला शिकवलं. "बाय, व्हट घट्ट. श्वास आत." माझ्या जिभेवर तेलाची, लाकडाची, तंबाखूची चव यायची आणि त्यातून एकदम सुताचं टोक, ओलं, जिवंत असल्यासारखं. आई ओरडली, "आपण करतास ते करतास, पोरीला कशाला गिरणीत धाडतास?"

"धाडत नाय गो," बाबा म्हणाले. "तिला येऊ दे नुसतं."

मग एका सकाळी बाबा साचेखात्यात बदली कामगार म्हणून गेले. धाकूकाकाच्या शेजारच्या साच्यावरचा माणूस गावी गेला होता. धाकूकाकाने जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, सांगितलं, माझा गाववाला हाय. ते खोटं नव्हतं. आडनाव जाधव, जाधव काय, कुणीही असतो. आईने त्या दिवशी डब्यात सुकटीची चटणी दिली नाही, वासाने ओळखतील म्हणून बटाटा दिला. बाबांनी धुतलेला सदरा घातला. मी गॅलरीतून बघत होते. ते लालबागच्या साचेवाल्यांसारखे चालत गेले.

संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांना खळीचा वास येत होता. मी पळत जाऊन बिलगले आणि तो वास छातीभर घेतला. तो मला अजून येतो. कुठल्याही लाँड्रीवरून जाताना येतो. बाबांनी सदरा काढून स्वतःच्या हाताने धुतला, घट्ट पिळला, आणि दोरीवर टाकला. कुणी ओळखलं, कसं ओळखलं, मला ठाऊक नाही. साचेवाल्यांनी साचे बंद पाडले, एवढं चाळीत ऐकलं. सगळं खातं गप्प उभं राहिलं म्हणतात. साचेखातं गप्प म्हणजे कसं, त्याची कल्पना मला काल पहिल्यांदा आली, त्या पांढऱ्या शेडमध्ये.

तिसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, धाकूकाका आला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. कागद मोर्चाच्या पत्रकाचा होता, वर ठळक अक्षरात महाराष्ट्र लिहिलेलं. आतमध्ये धोटा. चांगला, न तडकलेला, त्या सकाळी खात्यातून नवा कोरा मिळालेला आणि बाबांनी दिवसभर चालवलेला.

"हा तुझाच आता," धाकूकाका म्हणाला. "खात्यात कोण हात लावत नाय. जॉबर बोलला, जाळून टाक. माझ्याच्यानं जाळवला नाय."

बाबांनी धोटा हातात घेतला. फिरवून बघितला. मग परत त्याच्यासमोर धरला.

"तू लाव."

"काय?"

"तोंड लाव. कांडी हाय पोरीकडं. एकदा वढून दाखव, मी बघतो."

मी कांडी घेऊन पुढे झाले. मला वाटलं, खेळ सुरू झाला. धाकूकाकाने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग गॅलरीतल्या माणसांकडे. आई चुलीपाशी उभी होती, तिच्या हातातलं उलथनं हवेतच राहिलं. त्याचा हात पुढे आलासुद्धा. मी पाहिला आहे तो हात, सुताने करवतलेली बोटं. मग तो हात परत गेला आणि त्याने टोपी सारखी केली.

"उद्या फेरी हाय," तो म्हणाला. "पाचला येतंस ना?"

"येतो," बाबा म्हणाले.

आणि गेले! मला इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त राग याचा येतो. जॉबरचा नाही, खात्याचा नाही, धाकूकाकाचाही त्यानंतरच. बाबा दुसऱ्या दिवशी पाचला उठून गेले, त्याच्याच खांद्याला खांदा लावून, आणि भोंग्यासारखे ओरडले. मी अर्धा कांदा त्यांच्या खिशात घातला. पुढे राज्य मिळालं त्या दिवशी लालबाग दिव्यांनी पेटलं होतं, आणि त्या गर्दीत धाकूकाकाने सगळ्यांच्या देखत बाबांच्या तोंडात स्वतःच्या हाताने पेढा कोंबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी पेढा खाल्ला. मलाही दिला. मी तो गटारात टाकला. तेरा वर्षांची होते, टाकला ते बरं केलं.

त्याच्या आधी, धोटा आला त्याच वर्षाच्या अखेरीला, आम्ही बौद्ध झालो. घरातले टाक, तसबिरी, खंडोबा, सगळं एका गोणपाटात बांधून बाबा समुद्रावर गेले आणि सोडून आले. गोणपाट बांधताना आईने पोटमाळ्याकडे बोट केलं, "आणि तो?" बाबा म्हणाले, "तो देव नाय. त्याला ऱ्हाऊ दे." त्याला हात लावायची मला बंदी होती. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत मी लावलाही नाही. तडकलेल्या धोट्याशी मी खेळले, तो कुठे गेला आठवत नाही. हा तसाच राहिला. बाबांच्या तोंडानंतर कुणाच्याही तोंडाला न लागलेला.

बाबा छातीने गेले. माझ्याच वॉर्डात. त्यांच्या थुंकीच्या बाटलीवर चिठ्ठी मी लावली होती: गंगाराम सोनू जाधव, पुरुष. अक्षर नीट काढलं होतं. बाटलीवरची चिठ्ठी चुकली तर एकाचा रोग दुसऱ्याला लागतो आणि दोघंही मरतात, हे मी प्रत्येक नव्या पोरीला पहिल्या दिवशी सांगते.

काल मी मृण्मयीला शोधून काढलं. ती पाहुण्यांच्या घोळक्यात होती, खुशीत होती.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी, काकू. आवडलं?"

"खोटं आहे."

ती हसली. "हजारो म्हणजे अगदी मोजून नाही हो. पोएटिक आहे ते."

मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं. इथे जेवढं लिहिलंय त्याच्या दशांशही नाही, पाच-सहा वाक्यं. या धोट्याला एका माणसाने तोंड लावलं, एक दिवस, आणि त्यानंतर कुणी लावलं नाही, म्हणूनच तो माझ्या घरी आला. नाहीतर गिरणीची वस्तू आमच्याकडे कशाला येईल? त्रेपन्नाव्या वर्षी हे मी पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून माझा राग वाढला. माझ्या डोळ्यांत नव्हतं, तिच्या कशाला?

"ओ गॉड, काकू. किती पॉवरफुल आहे हे. तुम्ही कॅमेऱ्यासमोर सांगाल? आणि एकदा, फक्त एकदा, तो तोंडाला लावून..."

"आधी पाटी बदल."

तिने पाटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पॅनल छापून आलंय हो. महिनाभर राहणार आहे. आणि शोचा सूर एकजुटीचा आहे ना, त्यात हे थोडं... पुढच्या शोमध्ये करू या. तुमच्या लोकांसाठी एक वेगळा कोपरा ठेवू."

"कोपरा होताच," मी म्हटलं. "गिरणीत आमचा पाण्याचा माठही कोपऱ्यातच असायचा."

ती वाईट मुलगी नाही. धाकूकाकाही वाईट नव्हता. त्याचा हात पुढे आला होता, हिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यावर आमची चव्वेचाळीस वर्षं निघाली. घरी येताना ठरवत होते, सरळ जाऊन धोटा परत आणावा. पोटमाळ्यावर ठेवावा. पण मग ती पाटी तिथेच राहील, दुसऱ्या कुठल्यातरी धोट्याखाली, आणि लोक टाळ्या वाजवत राहतील. आणि पोटमाळ्यावर तो पुन्हा तसाच गप्प पडून राहील, मी ठेवला तसा. कारण गप्प मीही राहिले. "बाबांचा," एवढंच म्हटलं. बाबांनी पेढा खाल्ला, मी दोन शब्द गिळले.

संध्याकाळपर्यंत डबे झाले. अकरा डबे, झाकणांसकट, ओळीने उन्हात. पोटमाळ्यावरची ती होडीच्या आकाराची जागा शेवटी पुसली. धूळ होती, फडक्याला लागली. समोरच्या टॉवरची सावली पाच वाजताच गॅलरीवर येते हल्ली, म्हणून डबे लवकर आत घ्यावे लागले.

१४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ड्युटीला जाताना तासभर आधी निघाले. शेड अकराला उघडते, पण फाटकावरच्या वॉचमनची आई सहा महिने माझ्या वॉर्डात होती. त्याने फाटक उघडून दिलं. आत कर्णे बंद होते, दिवे बंद होते. काचेच्या पेटीचं झाकण नुसतं ठेवलेलं होतं, उचललं. टेबलावरची एक कांडी घेतली, बाबांच्या धोट्यात बसवली. स्पिरिटचा बोळा घेतला नाही. चव्वेचाळीस वर्षांत लाकडावर कुठलाही जंतू राहत नाही, हे मला त्या पाहुण्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे. ओठ घट्ट केले आणि गालातून ओढलं. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा चुक्‌ झालं. तेल, लाकूड, थोडी तंबाखू, आणि जिभेवर सुताचं टोक. धोटा तसाच मखमलीवर ठेवला, ओलं सूत भोकाबाहेर लोंबतं.

मग पर्समधून वॉर्डाचं पेन काढलं. केसपेपरवर चूक झाली तर खरवडायची नाही, पांढरं लावायचं नाही, अशी आमची पद्धत आहे. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि वर बरोबर ते लिहायचं. "हजारो कामगारांनी" यावर रेघ मारली. वर लिहिलं: गंगाराम सोनू जाधव यांनी, एक दिवस. त्यांच्या मुलीने, आज. पुढे "जात नव्हती" मधल्या "नव्हती"वर रेघ मारून "होती" लिहिलं. "एकच श्वास" तसंच ठेवलं, वाचणाऱ्याला वाचू दे. बाजूला सही केली, खाली वेळ घातली, सात वाजून चाळीस मिनिटं, आणि आठच्या आत वॉर्डात पोचले.